पिन बसते, मग आवाज का तुटतो?

(कोरेगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस यूएसबी पोर्टवर काय बोलणार? पण तुम्ही ही व्याख्यानं ऑनलाइन ऐकता, तुमच्यातले बरेच जण स्वतः भजन, कीर्तन, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करता. त्यामुळे प्रश्नोत्तरात अद्वैतापेक्षा हाच प्रश्न जास्त येतो: "सर, माईकचा डबा लॅपटॉपला लावला की आवाज मध्येच तुटतो, खरखरतो, कधी डबा दिसतच नाही. काय करायचं?" दुकानात याचं उत्तर मिळतं, "दुसरा घ्या." माझ्या मते हे उत्तर नव्हे. कारण कळलं नसेल तर दुसऱ्या डब्याचंही तेच होणार, आणि आणखी चारपाच हजार रुपये जाणार.

आधी हा डबा म्हणजे काय ते पाहू. कोणी त्याला साउंड कार्ड म्हणतं, कोणी ऑडिओ इंटरफेस. माईकमधून येते ती विजेची लहर. संगणकाला लहर कळत नाही, आकडे कळतात. हा डबा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्या लहरीची उंची मोजतो आणि प्रत्येक मोजमाप आकड्याच्या रूपात संगणकाकडे पाठवतो. ऐकताना याच्या उलट, आकड्यांपासून पुन्हा लहर. हे आकडे ये-जा करतात यूएसबीच्या वायरीतून. आपली तक्रार बहुतेक वेळा या वाटेवरची असते. माईक आणि गळा दोन्ही निर्दोष असतात.

आता कोणी म्हणेल, एवढं गंभीर काय त्यात? पुन्हा रेकॉर्ड करू. गाणं पुन्हा होईल, व्याख्यानही होईल. पण काही आवाज पुन्हा मिळत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या अनेक ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजात आज ऐकायला मिळतात. त्या बायकांपैकी किती तरी जणी आता नाहीत. आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालतं, सांगली जिल्ह्यात जालिहाळला येरळावाणी आहे. आपल्या भागाचा आवाज आपणच जपायचा, हा विचार इथे रुजलेला आहे. नव्वदीची आजी एकदाच मोकळी होऊन बोलते. त्या अर्ध्या तासात वायरीने दगा दिला, तर पुढच्या आठवड्यात आजीला तीच लय सापडेल याची खात्री कोण देणार? म्हणून हा विषय मी क्षुल्लक मानत नाही.

दिसणारा गेज आणि न दिसणारा गेज

आपलं कोरेगाव पुणे–मिरज रेल्वेमार्गावर आहे. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता, १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. मिरज जंक्शनवर तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. जुन्या लोकांना आठवत असेल. रुळांतलं अंतर एकीकडे १६७६ मिलिमीटर, दुसरीकडे १०००, तिसरीकडे ७६२. ही गाडी त्या रुळावर चालणार नाही, हे लहान मुलालाही डोळ्यांनी दिसायचं. गाडी बदलावी लागायची, त्रास व्हायचा, पण फसवणूक नव्हती.

यूएसबीचं नेमकं उलट आहे. ही जोडणी १९९६ साली आली. तिच्यामागच्या इंटेलच्या अभियंत्यांत वडोदऱ्यात शिकलेले अजय भट्ट होते. कल्पना सुंदर होती: प्रिंटरला एक पिन, माउसला दुसरी, कीबोर्डला तिसरी, हे बंद करून सगळ्यांना एकच खाच. पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट. २००० साली यूएसबी २.० आलं, वेग ४८०. २००८ साली यूएसबी ३.० आलं, वेग ५०००. आणि खाच? चौकोनी चपटी, तीच. म्हणजे रूळ बदलत गेले, पण फलाट तसाच ठेवला. पिन बसते म्हणून आपण समजतो की सगळं जुळलं. नावात 'युनिव्हर्सल' आहे, पण ते वैश्विकत्व खाचेच्या आकाराचं आहे. आत निदान तीन गोष्टी वेगळ्या जुळाव्या लागतात: वीज, वेळ आणि भाषा. एकेक घेऊ.

वीज

डब्याला वेगळा अ‍ॅडाप्टर नसेल तर तो संगणकाकडूनच वीज घेतो. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० देतो, साडेचार वॉट. आता कंडेन्सर माईक घ्या. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. पोर्टकडे आहेत ५ व्होल्ट. डबा आतल्या आत ५ चे ४८ करतो आणि त्यात थोडी वीज वायाही जाते. एका माईकला कमाल १० मिलिअँपिअर धरले तरी अर्धा वॉट झाला, दोन माईकना एक वॉट. अडीचातला एक गेला. उरलेल्यात डब्याने मोजणी करायची, हेडफोनही चालवायचा.

त्यातच आपण काय करतो? लॅपटॉपला पोर्ट कमी म्हणून स्वस्तातला हब लावतो, ज्याला स्वतःचा अ‍ॅडाप्टर नाही. अशा हबने प्रत्येक पोर्टला फक्त १०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे. पाटाच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मग काय होतं, तर डबा दिसतो, दिवा लागतो, पण ४८ व्होल्टचं बटण दाबलं की डबा गायब. ही खूण लक्षात ठेवा. फँटम पॉवर चालू करताच बिघाड होत असेल तर आधी विजेवर संशय घ्यायचा. उपाय: डबा थेट लॅपटॉपला लावा, नाही तर स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला हब घ्या.

टाइप-सीची गंमत वेगळी. या नव्या पोर्टमध्ये समोर कोणी आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडायची नाही, असा नियम आहे. ती खूण म्हणजे उपकरणातला ५.१ किलोओहमचा छोटा रेझिस्टर. काही स्वस्त उपकरणांत तो बसवलेलाच नसतो. मग दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली केबल लावली की काहीच होत नाही, आणि जुन्या चपट्या पिनची केबल लावली की लगेच चालतं. लोक म्हणतात पोर्ट गेला. पोर्ट ठीक असतो, तो फक्त खूण पटण्याची वाट पाहत असतो. शिवाय काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतातच. दिवा लागेल, आवाज येणार नाही.

वेळ

हा आजच्या विषयाचा गाभा. आवाज तुटला की लोक म्हणतात, "वेग कमी पडतोय, यूएसबी ३ ला लावा." हिशेब करून बघू. दोन माईक, ४८,००० मोजमापं, प्रत्येक मोजमाप २४ बिटचं. गुणाकार केला तर सेकंदाला २३ लाख ४ हजार बिट, म्हणजे २.३ मेगाबिट. पहिल्या यूएसबीच्या १२ मेगाबिटमध्येही हे मावतं. आठ माईक आत आणि आठ वाटा बाहेर असतील तर १८.४ मेगाबिट होतात. ते १२ त मावत नाही, पण ४८० त आरामात मावतं. म्हणजे घरगुती कामाला वेग कधी कमी पडतच नाही. आणखी एक. यूएसबी ३.० च्या खाचेत जुन्या चार टोकांच्या मागे नवी पाच टोकं आहेत. तुमचा डबा यूएसबी २.० चा असेल तर तो निळ्या पोर्टमध्येही जुन्याच तारांवरून बोलतो. नव्या तारांना तो स्पर्शही करत नाही. त्यामुळे त्याचा वेग वाढण्याचा प्रश्नच येत नाही.

मग तुटतं काय? तुटते ती वेळ. यूएसबीवरून माल पाठवायच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. पेन ड्राइव्हचा माल पार्सलसारखा जातो. उशीर झाला तरी चालेल, पण एकही गाठोडं हरवता कामा नये. हरवलं तर पुन्हा पाठवतात. आवाजाचा माल एसटीसारखा जातो. ठरल्या वेळेला गाडी सुटणार. जो प्रवासी चढला तो चढला, राहिला तो राहिला. (एसटी वेळेवर सुटते असं तूर्त समजून चाला.) यूएसबी २.० मध्ये दर सेकंदाला अशा ८,००० फेऱ्या होतात. ४८,००० मोजमापांच्या हिशेबाने एका फेरीत प्रत्येक माईकची फक्त सहा मोजमापं. एखादी फेरी बिघडली तर ती मोजमापं पुन्हा मागवण्याची सोयच या पद्धतीत नाही. का नाही? कारण आवाज थांबून राहू शकत नाही. मागचं पुन्हा मागवत बसलं तर पुढचं चुकेल.

म्हणून पेन ड्राइव्ह उत्तम चालतो त्याच पोर्टवर आवाज तुटतो, यात आश्चर्य नाही. पेन ड्राइव्हच्या चुका गुपचूप दुरुस्त होतात, आवाजाच्या चुका ऐकू येतात. "बाकी सगळं चालतंय, म्हणजे पोर्ट चांगला आहे" हे अनुमान इथेच कोसळतं.

या फेऱ्यांना अडथळा कशाचा? एक, शेजाऱ्याचा. ऑनलाइन व्याख्यानासाठी आपण वेबकॅम आणि ऑडिओचा डबा एकाच हबला लावतो. बरेच वेबकॅमही याच एसटी पद्धतीने माल पाठवतात आणि त्यांचा माल आवाजाच्या कितीतरी पट असतो. यूएसबी २.० मध्ये वेळेच्या अशा वाहतुकीसाठी ८० टक्क्यांपर्यंतच जागा ठेवता येते. आणि हब यूएसबी ३ चा असला तरी त्यावरची यूएसबी २.० ची सगळी उपकरणं मिळून ४८० ची एकच वाट वापरतात. कॅमेरा एका बाजूच्या पोर्टला आणि डबा दुसऱ्या बाजूच्या पोर्टला, एवढ्या बदलाने पुष्कळदा प्रश्न सुटतो.

दोन, संगणकाचा स्वतःचा उशीर. फेरीतून आलेले आकडे उचलायला संगणकाला वेळेवर हजर राहावं लागतं. तो दुसऱ्या कामात गुंतलेला असेल म्हणून मध्ये एक साठवणीची टाकी ठेवतात, तिला बफर म्हणतात. बफर २५६ मोजमापांचा ठेवला तर एका बाजूला साधारण ५.३ मिलिसेकंद उशीर होतो. हवेतून आवाज तेवढ्या वेळात १.८ मीटर जातो. बफर १०२४ चा ठेवला तर २१.३ मिलिसेकंद, म्हणजे पखवाजवाला सात मीटर लांब बसल्यासारखं. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा असेल तर हा उशीर खटकतो. पण नुसती आजीची मुलाखत घ्यायची असेल तर काय बिघडतं? टाकी मोठी ठेवा. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला लहान बफर ठेवणं हे निष्कारण संकट ओढवून घेणं आहे.

तीन, काटकसर. लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की तो वीज वाचवायला लागतो. प्रोसेसर मंदावतो, यूएसबी पोर्टला डुलकी लागते. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही सोय असते, ती रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपवर बंद ठेवावी.

भाषा

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. डबा आणि संगणक एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार? यूएसबीच्या संस्थेने आवाजासाठी प्रमाणभाषा ठरवली आहे. तिची दुसरी आवृत्ती २००६ साली आली. विंडोजमध्ये ती भाषा मुळातच समाविष्ट झाली २०१७ साली. मधली अकरा वर्षं प्रत्येक कंपनीने आपापला दुभाषा दिला. आता कंपनीने दुभाषा अद्ययावत करणं थांबवलं आणि विंडोज पुढे गेलं, की उत्तम स्थितीतला डबा मुका होतो. त्याच्यातला एकही भाग बिघडलेला नसतो. म्हणून नवा डबा घेताना एकच प्रश्न विचारा: हा 'क्लास कंप्लायंट' आहे का? म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय प्रमाणभाषेत बोलतो का? तसा असेल तर तो विंडोज, मॅक, लिनक्स, पुष्कळदा फोनवरही चालतो आणि कंपनीच्या मर्जीवर त्याचं आयुष्य अवलंबून राहत नाही.

कधी कधी दोष ना डब्याचा, ना केबलचा, ना तुमचा. २०१८ च्या मॅकबुकवर आणि मॅक मिनीवर यूएसबीवरचा आवाज मध्येच तुटायचा. मार्च २०१९ मधल्या मॅकओएस १०.१४.४ मध्ये अ‍ॅपलने त्यावर सुधारणा दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये एएमडीने मान्य केलं की त्यांच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबीची जोडणी अधूनमधून सुटते, आणि एप्रिलमध्ये बायोसची दुरुस्ती आली. त्या काळात डबे बदलून काहीही साधणार नव्हतं. म्हणून महत्त्वाच्या रेकॉर्डिंगच्या काही दिवस आधी बायोस आणि सिस्टीमचं अपडेट बघावं. आदल्या रात्री मात्र नको.

धूर, अग्नी आणि ओलं लाकूड

आता माझ्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. हे बरोबर. पण उलट म्हटलं, जिथे अग्नी तिथे धूर, तर ते चूक. तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. हे ओलं लाकूड म्हणजे 'उपाधी', आपल्या नियमामागे लपलेली अट. नैयायिक सांगतात, नियम मांडण्याआधी उपाधी शोधा.

आपल्याकडे एक नियम सर्रास ऐकू येतो: "ऑडिओचा डबा निळ्या पोर्टला लावू नका, काळ्याला लावा." तो खोटा नव्हता. यूएसबी ३ नवं होतं तेव्हा त्याच्या पोर्टमागचे कंट्रोलर वेगळे, त्यांचे ड्रायव्हर कच्चे. विंडोज ७ मध्ये तर त्याचा ड्रायव्हर मुळात नव्हताच, तो २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आला. शेजारच्या काळ्या पोर्टमागे जुना, मुरलेला कंट्रोलर असायचा. म्हणजे दोष निळ्या रंगाचा नव्हता. कच्चा कंट्रोलर ही उपाधी होती. २०१५ नंतरच्या इंटेलच्या चिपसेटमधून तो जुना कंट्रोलर काढूनच टाकला. तेव्हापासून काळ्या पोर्टमागेही नवाच कंट्रोलर असतो. ओलं लाकूड गेलं, नियम मात्र तोंडोतोंडी चालूच आहे.

मग खरं कारण शोधायचं कसं? अन्वय आणि व्यतिरेक. हे असताना ते आहे, हे नसताना ते नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हीच पद्धत नियमांत बांधली. तिची अट एकच, आणि ती आपण हमखास मोडतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण घाबरून केबल बदलतो, पोर्ट बदलतो, लॅपटॉप पुन्हा चालू करतो, सगळं एकदम. आवाज सुधारतो, पण कशाने सुधारला ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा हब काढा, डबा थेट लावा. फरक नाही? फक्त केबल बदला, आखूड आणि चांगली घ्या. फरक नाही? दुसऱ्या बाजूचा पोर्ट. टेबलावरचा संगणक असेल तर मागचा पोर्ट, कारण पुढचे पोर्ट आतल्या लांब वायरीने जोडलेले असतात. मग कॅमेरा आणि बाकीची उपकरणं काढा. मग बफर वाढवा. मग वीज बचत बंद करा. मग ड्रायव्हर. आणि शेवटी तोच डबा, तीच केबल, शेजाऱ्याच्या लॅपटॉपला. तिथेही तेच झालं तर डब्यावर किंवा केबलवर बोट ठेवा. तिथे नीट चाललं तर डबा निर्दोष. प्रत्येक पायरी वहीत लिहा.

घूं असा सलग आवाज येत असेल तर ती वेगळी तक्रार. चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष अ‍ॅडाप्टरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा. अर्थिंगची पिन मोडून उपाय करू नका, तो जिवाशी खेळ आहे. अर्थिंग नीट करून घ्या, तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा, वीज बचत बंद ठेवून. वायरलेस माईकचा रिसीव्हर किंवा माउस अडखळत असेल तर तो यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कपासून लांब लावा. यूएसबी ३ च्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये दाखवून दिलं आहे.

आता दुरुस्ती झाली हे ओळखायचं कसं? "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" याने कळत नाही. बोलण्यात शब्दाशब्दांत मोकळी जागा असते, तुटलेला भाग त्यात लपतो. तंबोरा रेकॉर्ड करा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो घरी असेल तर उत्तम, नसेल तर फोनवरचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा माईकसमोर ठेवा. वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. त्या अखंड नादात सहा मोजमापं गळली तरी टक् असा आवाज कानाला टोचतो. वीस मिनिटांत एकही टक् आला नाही, तर त्याच केबलला, त्याच पोर्टला खुणेची चिकटपट्टी लावून ठेवा आणि मुलाखतीच्या दिवशी तीच जुळणी वापरा. त्याशिवाय शेजारी एक फोनही रेकॉर्डिंगला लावून ठेवा. तो यूएसबीच्या वाटेवर नाही, त्यामुळे एक वाट चुकली तरी दुसरी हाताशी राहील.

ज्यांच्या घरी रेकॉर्ड करण्याजोगं माणूस आहे त्यांनी हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये, एवढंच सांगतो. आता कोणाला आपल्या डब्याबद्दल विचारायचं असेल तर विचारा. फक्त "चालत नाही" असं म्हणू नका. केव्हा चालत नाही आणि केव्हा चालतं, दोन्ही सांगा.